ओळ घेणारी बाई

डेल्फाची धाकटी लेक लोर्ना लग्न करून ओहायोला गेली, त्याच वर्षी कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, मोठ्या माणसांची शाळा बंद केली. साल दोन हजार सोळा. लग्न ऑक्टोबरात झालं, आणि झाडांची पानं गळून डोंगर उघडे पडायच्या आत शाळेला कुलूप लागलं. लग्नाला घराघरातून केकचा एकेक थर आला होता. मध्ये सफरचंदाचा मुरंबा भरून थरांवर थर चढवले, आणि सुरी दिली ती मिस कॉर्डींच्या हातात. जमलेल्यांतल्या निम्म्या लोकांना अक्षर त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे त्यांचा मान पहिला.

मिस कॉर्डी म्हणजे कॉर्डेलिया हॉलब्रुक. सारा जन्म त्यांनी पोरांना शिकवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून चर्चच्या खालच्या खोलीत मोठ्यांचा वर्ग सुरू केला. पगार कौंटी देई, तोही नावापुरता. वर्गाला येणारे म्हणजे कोळशाच्या खाणी बंद पडून रिकामे बसलेले चार-पाच पुरुष, पदरात दोन लेकरं असलेली क्रिस्टल आणि डेल्फा.

डेल्फाची शाळा तिसरीत सुटली होती. आई अंथरुणाला खिळली, मागची भावंडं हिच्या गळ्यात पडली, ती मोठी होईपर्यंत हिचं लग्नाचं वय झालं. पुढे ती गावच्या शाळेत स्वयंपाकघरात लागली आणि तिथेच केस पांढरे झाले. खोकी ती रंगावरून ओळखायची. निळं खोकं दुधाच्या भुकटीचं, कोंबड्याचं चित्र असलेलं पिठाचं, पिवळं, फुलाचं चित्र असलेलं, सूर्यफुलाच्या बियांच्या लोण्याचं. कधी कोणी काही वाचायला दिलंच तर म्हणायची, "चष्मा घरी राहिला." तिच्याकडे चष्मा नव्हताच.

ती पहिल्यांदा वर्गात आली तेव्हाची गोष्ट. मिस कॉर्डींनी एक पान मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "आता तू वाच." डेल्फाने पुस्तक हातात धरलं आणि घडाघडा पान वाचून काढलं. एक शब्द चुकला नाही. पुरुषांनी टाळ्या पिटल्या. मिस कॉर्डी मात्र उठून जवळ आल्या आणि पानाच्या मधोमध एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा कुठला?"

डेल्फा वाक्याच्या सुरुवातीपासून म्हणत यायला लागली.

"सुरुवातीपासून नको. हाच."

डेल्फा मनातल्या मनात पुन्हा सुरुवातीपासून ओठ हलवू लागली.

"अगं बाई," मिस कॉर्डी म्हणाल्या, "तू वाचत नाहीस. तू ओळ घेतेस."

वर्गातल्या सगळ्यांना ते लगेच कळलं. त्यांच्या चर्चमध्ये पेटी नाही, तबला नाही, कोणाच्या हातात पुस्तक नाही. उपदेशक ब्रदर एनस उभा राहतो, गीताची एक ओळ भरभर म्हणून देतो, आणि मंडळी तीच ओळ लांबवून आळवून गातात. मग तो पुढची देतो. आजे-पणजे निरक्षर होते तेव्हाची ही रीत. तो ओळ देतो, मंडळी ओळ घेतात. डेल्फा पाळण्यात होती तेव्हापासून ओळी घेत आली होती. एकदा कानावर पडलं की तिच्यातून ते जात नसे. त्या चर्चमध्ये तिच्यासारखा कान दुसऱ्या कोणाचा नव्हता, आणि तोच कान तिच्या अक्षराच्या आड आला होता.

त्या दिवसापासून मिस कॉर्डींनी तिला उलटं वाचायला लावलं. पानाच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. पुठ्ठ्याला एक खिडकी कापली, तीतून एकच शब्द दिसायचा. उलटं वाचलं की गाणं तुटतं, आणि गाणं तुटलं की शब्द उघडा पडतो. डेल्फा घामाघूम व्हायची. पहिला हिवाळा शिव्याशापातच गेला. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र खिडकीतले लहान लहान शब्द तिला ओळख देऊ लागले.

आणि तिसरा हिवाळा यायच्या आत वर्ग बंद झाला.

कौंटीच्या कचेरीतून केंड्रा नावाची मुलगी आली. पोरगी गोड बोलणारी होती, वाईट मुळीच नव्हती. तिने टेबलावर पाट्या मांडल्या. पाट्या म्हणजे टॅबलेट, प्रत्येकाला एक, घरी न्यायचा.

"यात सगळं आहे," ती म्हणाली. "बर्फ पडलं, रस्ता बंद झाला, तरी शाळा चालू. कामाच्या पाळीप्रमाणे अभ्यास करा. शिक्षक आठ जणांना शिकवतो, हे आठशे जणांना शिकवतं. कंटाळत नाही, रागावत नाही."

"म्हणजे आता आम्हाला खडू मारणार कोण?" होबर्ट म्हणाला. हा खाणीत छप्पर पडून एका पायाने अधू झालेला. "मला तर खडू लागल्याशिवाय स्पेलिंग आठवतच नाही."

सगळे हसले. मिस कॉर्डी हसल्या नाहीत.

"रागावत नाही हे खरं," त्या म्हणाल्या. "पण बाळ, रागवायचं तर आधी चूक दिसावी लागते."

"चूक दिसते ना. चुकलं की लाल, बरोबर असलं की हिरवं."

"मला बरं पडेल, मिस कॉर्डी," क्रिस्टल खाली बघत म्हणाली. "राग मानू नका. धाकटं रात्रभर रडतं, थोरल्याला कोणाकडे ठेवायचं हा रोजचा घोर."

"राग कशाचा? तुला पडेलच बरं. तुझी गाठ सुटलीय, आता फक्त सराव हवा. मी हिच्याबद्दल बोलतेय." त्यांनी डेल्फाकडे बोट दाखवलं. "ते यंत्र हिला ओळ देणार, ही ओळ घेणार, आणि दोघं मिळून गात बसणार. वाचणार कोण?"

केंड्राला हे काही समजलं नाही. ती त्यांच्या चर्चची नव्हती, शहरातली होती. तिने हसून डेल्फाच्या हातात टॅबलेट दिला.

डेल्फाला वाचणं हौस म्हणून नको होतं. शेजारच्या कौंटीत एका शाळेत भलत्या खोक्यातलं, शेंगदाण्याचं लोणी पावाला लावलं गेलं. ज्या पोरीला शेंगदाणा चालत नव्हता तिचा जीव जाता जाता वाचला. त्यावरून इकडच्या शाळा मंडळाने ठराव केला की स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाने वाचनाची परीक्षा द्यायची. शाळेचं वर्ष संपायच्या आत जो पास होणार नाही त्याने घरी बसायचं. नियमात खोट काढायला जागा नव्हती. डेल्फालाही ते पटलं होतं, म्हणून तर ती जास्त घाबरली होती.

कारण नोकरी गेली तर पगार जाईल हे दुःख दुसरं. पहिलं दुःख आर्व्हिलचं. आर्व्हिल तिचा नवरा. खाणीत राबून त्याची फुफ्फुसं काळी झाली होती. कंपनीच्या डॉक्टरने लिहून दिलं की हे कोळशामुळे झालेलं नाही. त्याचा नुकसानभरपाईचा दावा कोर्टाच्या कुठल्याशा कपाटात पडून होता. घरात कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घुरघुरायचं आणि त्याची नळी आर्व्हिलच्या नाकाला असायची. ते यंत्र, औषधं, दवाखाना, सगळं डेल्फाच्या शाळेच्या विम्यावर चाललं होतं. नोकरी गेली की विमा जाणार, आणि विमा गेला की माणसं येऊन यंत्र उचलून नेणार. इतकं सरळ होतं ते.

टॅबलेट सुरू केला त्या दिवशी आर्व्हिल खुर्चीतून बघत होता. पडद्यावर वाक्य आलं. वाक्याच्या शेजारी एक छोटासा कर्णा काढलेला. डेल्फाने सहज त्यावर बोट ठेवलं. आतून एका बाईच्या आवाजात वाक्य वाचलं गेलं. खाली चार उत्तरं, प्रत्येकाला आपला कर्णा. डेल्फाने चारही ऐकली आणि एक निवडलं. हिरवं.

"अरे वा," आर्व्हिल म्हणाला. "बाई गोड बोलते. आमच्या घरातलीपेक्षा."

"घरातली तुला जेवायला घालते, लक्षात ठेव."

पुढचं हिरवं, त्याच्या पुढचं हिरवं. कर्ण्यातली बाई ओळ द्यायची आणि डेल्फा ती घ्यायची. मोठमोठे परिच्छेद एकदा ऐकून तिच्या डोक्यात बसायचे आणि प्रश्न आला की बरोबर उत्तर बाहेर पडायचं. पडद्यावर फुगे उडायचे, तारे पडायचे. मिस कॉर्डींच्या वर्गात दोन हिवाळ्यांत जे मिळालं नाही ते नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून ख्रिसमसपर्यंत मिळालं. केंड्राचा फोन आला. "मिसेस ॲमबर्गी, तुम्ही अख्ख्या कौंटीत पहिल्या आहात." ब्रदर एनसने चर्चमध्ये सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. बायकांनी येऊन मिठ्या मारल्या. होबर्ट म्हणाला, "डेल्फा, आता तू मला खडू मार."

आपण खरंच वाचतो आहोत की नाही, हा प्रश्न तिला पडला नव्हता असं नाही. पडायचा. पण पडद्यावरचा शब्द आणि कानातला आवाज एकाच वेळी यायचे, आणि तिला वाटायचं आपण शब्दच बघितला. माणसाला बुडताना हाताला फळी लागली तर ती कुजकी आहे का हे तो तपासत नाही.

जानेवारीत मिस कॉर्डींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डेल्फा बीन्स आणि कॉर्नब्रेड घेऊन भेटायला गेली. मिस कॉर्डी खिडकीपाशी खुर्चीत होत्या, ओठ एका बाजूला ओघळलेला. त्यांची भाची इमोजीन त्यांचं करत होती.

"आत्या, बघ कोण आलंय," इमोजीन म्हणाली. "डेल्फा कौंटीत पहिली आलीय म्हणे."

मिस कॉर्डींनी डेल्फाकडे बघितलं. नजर तीच होती, तिला काही झालं नव्हतं. टेबलावर चर्चचं एक पत्रक पडलं होतं. त्यांनी डावा हात पुढे केला आणि पत्रक डेल्फाकडे ढकलायला लागल्या.

"आर्व्हिल एकटाच आहे, मला निघायला हवं," डेल्फा म्हणाली आणि डबा तिथेच ठेवून बाहेर पडली. त्यानंतर ती त्या घरी फिरकली नाही. इमोजीन दुकानात दिसली तर डेल्फा दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राही.

मार्चमध्ये एके सकाळी शाळेच्या मागच्या दारी मालाची गाडी आली. हेड कुक बर्नीस दुसरीकडे गुंतली होती. तिने ओरडून सांगितलं, "डेल्फा, तेवढं लोणी उघड आणि पावाला लावायला घे. पुरवठेवाला बदललाय म्हणतात, खोक्यावर काय लिहिलंय ते बघ आधी. आता तू आमची पंडित."

खोकं पिवळंच होतं. पण फुलाचं चित्र नव्हतं. एका बाजूला बारीक अक्षरांची रांगच्या रांग होती. डेल्फा त्यावर वाकली. अक्षरं दिसत होती, सगळी ओळखीची, पण एकही शब्द तोंड उघडेना. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिचं बोट खोक्याच्या पुठ्ठ्यावरून सरकतंय. वाक्याच्या शेजारी, कोपऱ्यात, कडेला. तिचं बोट कर्णा शोधत होतं.

तिने हात मागे घेतला. ती उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली. पलीकडे मोठ्या खोलीत पोरांचा कलकलाट चालू झाला होता.

"काय गं, भूत बघितलंस का?" बर्नीस आली. तिने खोकं फिरवलं आणि वाचलं. "अगं देवा. हे शेंगदाण्याचं आहे. चुकीचा माल पाठवलाय मेल्यांनी. बरं झालं तू उघडलं नाहीस. वाचलंस म्हणून निभावलं."

डेल्फा उठून जॅमचा डबा घेऊन आली. त्या दिवशी पोरांना नुसता जॅम-पाव मिळाला.

घरी येऊन तिने आर्व्हिलला सगळं सांगितलं. त्याने नाकातली नळी नीट केली.

"म्हणजे एवढे सगळे हिरवे दिवे..."

"गाणं होतं ते, आर्व्हिल. मी नुसती गात होते."

"मग शाळेत सांग तसं."

"सांगितलं की उद्यापासून घरी. आणि नाही सांगितलं तर मे महिन्यात परीक्षा आहे, तिथे कर्णा नाही. केंड्राला मी विचारलं. म्हणाली, अहो तुम्हाला काय गरज त्याची."

"त्या टॅबलेटलाच विचार. एवढा शहाणा आहे तर."

तिने खरंच विचारलं. त्यात मदतीसाठी एक जागा होती, बोललं की उत्तर यायचं. डेल्फा त्यात तोंड घालून म्हणाली, "मला वाचता येत नाही."

कर्ण्यातली बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "आपण वाचन या विषयात पूर्ण प्रावीण्य मिळवलं आहे. अभिनंदन. आता गणिताकडे वळायचं का?"

"मला वाचता येत नाही," डेल्फा पुन्हा म्हणाली.

"आपण वाचन या विषयात..."

आर्व्हिलला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने तो निळा पडला. डेल्फा त्याची पाठ चोळत राहिली. टॅबलेट पलंगावर पडून फुगे उडवत होता.

दुसऱ्या दिवशी ती मिस कॉर्डींच्या दारात जाऊन उभी राहिली. इमोजीनने दार उघडलं आणि तिला आत घेण्याआधी नखशिखान्त बघून घेतलं.

"आलीस. मला वाटलं कौंटीत पहिल्या आलेल्या बायका इकडे येत नाहीत."

"बोल, काय बोलायचं ते. मला तेच हवंय."

"मला काय बोलायचंय? बोलणारी ती आत बसलीय आणि तिला बोलता येत नाही."

डेल्फा मिस कॉर्डींसमोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं." मिस कॉर्डींनी डावा हात उचलून कपाटाकडे केला. इमोजीनने तिथून वर्गातलं जुनं पुस्तक आणि खिडकी कापलेला पुठ्ठा काढून आणला.

मग रोज शाळा सुटली की डेल्फा तिथे जाऊ लागली. मिस कॉर्डी डाव्या हाताने पुठ्ठा शब्दावर ठेवत आणि त्याखाली बोट टेकवत. डेल्फाने शब्द बरोबर म्हटला की बोट उचललं जाई. चुकली की बोट तिथेच राही. एवढीच भाषा. ओळ द्यायला आवाज नव्हता. पूर्वी अडलं की डेल्फा मिस कॉर्डींच्या तोंडाकडे बघायची. ओठ हलले की तिला अर्धा शब्द मिळायचा. आता त्या तोंडातून काहीच मिळत नव्हतं. घरात घड्याळाची टिकटिक आणि स्वयंपाकघरात इमोजीनची भांडी, दुसरा आवाज नाही. त्या शांततेत डेल्फाला पहिल्यांदाच अक्षराशी एकटीने बसावं लागलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती 'नेबर' या शब्दावर अडली. शेजारी. साधा शब्द, पण इंग्रजीत त्याच्या पोटात मुकी अक्षरं बसलेली असतात. डेल्फा एकेक अक्षर जोडून बघत होती आणि दरवेळी भलतंच काही तयार होत होतं. बोट उचललं जाईना. तिने शब्द सोडून पुढे जायचा प्रयत्न केला, मिस कॉर्डींनी पुठ्ठा हलू दिला नाही.

"एकदा," डेल्फा म्हणाली. "मिस कॉर्डी, एकदाच ओळ द्या. नुसतं तोंड हलवा. एवढा एकच."

बोट तिथेच.

"माझ्या घरात माणूस गुदमरतोय. मला इतका वेळ नाही. पाया पडते तुमच्या."

मिस कॉर्डींच्या घशातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. जनावर अडकल्यावर काढतं तसा काहीतरी. त्यांनाही तो ऐकवेना, त्यांनी डोळे मिटून घेतले. पण बोट उचललं नाही.

डेल्फाने पुस्तक ढकललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन पायरीवर बसली. इमोजीन मागोमाग आली, हाताला साबणाचा फेस.

"तू रडून घे," ती म्हणाली. "पण जाऊ नकोस. तू गेलीस की ती दिवसभर दाराकडे बघत बसते, मग मला तिला भरवताही येत नाही. तुला वाटतं तूच एकटी अडकलीयस. ती बाई जन्मभर बोलली, आणि आता तिच्याजवळ एक बोट उरलंय. तेही तिने तुला दिलंय."

डेल्फा नाक पुसून आत गेली. मिस कॉर्डींनी पुस्तक पुन्हा सरळ ओढून घेतलं होतं, आणि बोट त्याच शब्दाखाली होतं. डेल्फाने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग मधली अक्षरं तिने डोळ्यांनी बाजूला सारली आणि शब्द म्हणाली.

बोट उचललं गेलं.

त्यानंतर वेग आला. पण कान जितका चपळ होता तितका डोळा चपळ नव्हता. खिडकीतला शब्द तिला यायचा, वाक्य यायचं, परिच्छेद अंगावर यायचा. मे महिना कोणासाठी थांबला नाही.

परीक्षा शहरातल्या कॉलेजात होती. तिच्यासोबत क्रिस्टलही होती, स्वयंपाकघरात एखादी जागा निघाली तर अर्ज करावा म्हणून परीक्षा द्यायला आलेली. होबर्टने दोघींना आपल्या ट्रकमधून नेलं. वाटेत क्रिस्टल म्हणाली, "डेल्फा, तुला काय भीती? तुझं नाव तर कौंटीच्या भिंतीवर लावलंय."

"माझं नाव मला वाचता येतं," डेल्फा म्हणाली. "भीती बाकीच्याची आहे."

परीक्षेत पडदा समोर आला. पहिला उतारा होता जंगलातल्या वणव्यावर. डेल्फाने खालून एक वाक्य वाचलं, मग वरून वाचायला सुरुवात केली. तिने तो वाचला. खरंच वाचला, कोणी ओळ दिली नव्हती, आणि वणवा कसा लागला, कोणी विझवला, हे सगळं तिला डोळ्यांतून कळलं. त्या आनंदात तिच्या अंगावर काटा आला. उत्तरं तिने नीट दिली. दुसरा उतारा वाचला. तिसरा अर्धा झाला तेव्हा पडदा आपोआप बंद झाला. वेळ संपली होती. उतारे पाच होते.

निकाल तिथल्या तिथे मिळाला. जेवढं सोडवलं होतं त्यात एक चूक होती. पण सोडवलं निम्म्याहून कमी होतं. क्रिस्टल पास झाली. ती बाहेर येऊन रडायला लागली, आनंदाने, आणि डेल्फाचं तोंड बघून तिचं रडणं मध्येच थांबलं.

केंड्राने फोनवर तीन-तीनदा विचारलं. "पण आमच्याकडे तर तुम्ही सगळ्या पायऱ्या पूर्ण केलेल्या दिसताय. काही तांत्रिक घोळ झालाय का?"

"घोळ नाही, बाळ. तुझ्या बाईने वाचलं, मी ऐकलं. परीक्षा मात्र माझीच होती."

"मग पुन्हा बसा ना. सप्टेंबरमध्ये आहे."

"माझी नोकरी जूनमध्ये जातेय."

मग केंड्रा म्हणाली, "मला माहीत नव्हतं, मिसेस ॲमबर्गी." आणि ते खरं होतं. तिच्या पडद्यावर नोकरी, नवरा, नळी, यातलं काहीच दिसत नव्हतं. तिथे सगळं हिरवं होतं. पुढे तिने शाळा मंडळाला पत्र लिहिलं, मुदत वाढवून द्या म्हणून. मंडळाने नियमावर बोट ठेवलं.

जून महिन्यात डेल्फाचं नाव कमी झालं. बर्नीसने तिला मागच्या दारापर्यंत सोडलं आणि तिथेच उभी राहून रडली. जागा क्रिस्टलला मिळाली. क्रिस्टल विचारायला आली होती. डेल्फाच्या ओट्यावर, एक पोर कडेवर, एक हाताशी.

"तू म्हणालीस तर मी नाही घेत," क्रिस्टल म्हणाली.

"मी कशाला म्हणू? तुला वाचता येतं. पोरांना वाचता येणारीच हवी." मग तिला राहवलं नाही. "मात्र खोकं रोज वाच. रंगावर जाऊ नकोस."

आर्व्हिल आतून म्हणाला, "तिला बसायला सांग की, दारात काय वकिली चाललीय." पण क्रिस्टल बसली नाही.

ऑगस्टमध्ये माणसं आली आणि यंत्र घेऊन गेली. भली माणसं होती, टोप्या काढून उभी राहिली, दोनदा माफी मागितली आणि मग वायर काढली. ब्रदर एनसने पलीकडच्या घळीतल्या वस्तीतून एका मेलेल्या माणसाचं जुनं यंत्र मिळवून आणलं. ते दिवसा बरं चालायचं, गार हवा पडली की धापा टाकायचं. आर्व्हिल म्हणायचा, "याचीही फुफ्फुसं काळी आहेत. आमचं जमेल." डेल्फा मोफत दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली, सरकारी विम्यासाठी कचेरीत गेली. त्या राज्यात त्या वर्षी धडधाकट बाई आणि कोर्टात दावा अडकलेला नवरा यांना बसवायला कुठला रकाना नव्हता. तिथले कागद मात्र तिने स्वतः वाचले. हळू वाचले, खिडकीवरच्या बाईने दोनदा घड्याळ बघितलं, पण सगळे वाचले. नकारही तिने स्वतःच वाचला.

मिस कॉर्डींकडे जाणं तिने सोडलं नाही. इमोजीनने एकदा विचारलं, "आता कशासाठी गं? नोकरी तर गेली."

"आर्व्हिलच्या दाव्याचे कागद आहेत. वकील वाचून दाखवतो त्यावर आता माझा भरवसा नाही. ऐकलेलं मला सगळंच खरं वाटतं, तोच तर माझा रोग."

मिस कॉर्डींसमोर आता गोष्टीच्या पुस्तकाऐवजी कोर्टाचे कागद असत. त्यात असे शब्द होते की ते बघून मिस कॉर्डीही थबकत. मग दोघी डिक्शनरीत शोधत. मिस कॉर्डींचा पुठ्ठा डिक्शनरीवर फिरे आणि डेल्फा म्हणत जाई. कंपनीच्या डॉक्टरच्या अहवालात एके ठिकाणी लिहिलं होतं की रोगी रोज दोन पाकिटं सिगारेट ओढत असे. आर्व्हिलने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. तंबाखू चघळायचा. वकिलाने हे कधी वाचून दाखवलं नव्हतं. डेल्फाने ते आर्व्हिलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दोन पाकिटं? ओढली असती तर निदान मजा तरी आली असती."

सप्टेंबरच्या परीक्षेत ती पास झाली. पाचही उतारे वेळेत झाले. बर्नीस म्हणाली, जागा निघाली की पहिला फोन तुला. त्या वर्षी जागा निघाली नाही. डेल्फाने स्वतःच्या हाताने कोर्टाला पत्र लिहिलं, सिगारेटीबद्दल. उत्तर आलं की पुढची तारीख फेब्रुवारीत आहे.

थँक्सगिव्हिंगनंतर थंडी एकदम उतरली. जुनं यंत्र सकाळीसुद्धा धापा टाकू लागलं. दवाखान्यात नेलं तर त्यांनी दोन दिवस ठेवून घरी पाठवलं. लोर्ना ओहायोहून आली. आर्व्हिल शेवटच्या दिवशी शुद्धीवर होता, बोलायला दम नव्हता, बायकोचा हात धरून होता.

आर्व्हिल ॲमबर्गी दोन डिसेंबर दोन हजार सतरा रोजी, शनिवारी दुपारी, आपल्या घरी वारला. त्याचं वय सत्तावन्न होतं.